राखीव नमुना

कामाच्या दिवशी मी गजरा माळत नाही.
लोणचं नाही, कांदा नाही, खोकल्याची गोळीसुद्धा नाही.
अल्मेडा सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
नाक कंपनीचं. पाच वाजता घरी न्यायचं.

अकराला, पोट अर्धं रिकामं असताना
आम्ही पाचजण लाल दिव्याखाली बसतो,
रंगाने जिभेला फितवू नये म्हणून.
तीन ग्लास. दोन सारखे, एक वेगळा.
वेगळा ओळखायचा आणि गप्प बसायचं.

लोण्याचा वास आला तर यीस्टला घाई केलीत.
शिजल्या कोबीचा, तर उकळी कमी पडली.
कच्च्या पेरूसारखा हिरवट, तर थांबा, अजून व्हायचीय.
आणि भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला
तर कुठूनतरी हवा शिरली,
अब्जात पन्नास भाग,
चिमूटभरही म्हणता येणार नाही एवढी हवा,
नाहीतर ऊन.

कांजूरला माहेरी अजून सांगतात,
मुलगी सातूच्या पाण्याच्या कंपनीत आहे.
खोटं नाही ते.
सातूच, आणि पाणी महापालिकेचंच,
फक्त क्लोरीन काढून घेतलेलं.

प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या आम्ही पाठवत नाही.
मागच्या खोलीत, अंधारात, फळीवर
नंबर चिकटवून उभ्या ठेवतो.
बाकीच्या जगात जातात. या साक्षीला राहतात.

मे महिन्यात माझगावहून चिठ्ठी आली:
४४१७ला पुठ्ठ्याचा वास येतो.
खाली सही, वामन पुजारी, परमिट रूम,
डॉकयार्ड रोडचा उतार.
मी फळीवरची ४४१७ उघडली.
स्वच्छ. भाजल्या धान्याची आणि थोडी कडू, हवी तेवढी.
"म्हणजे इथून निघाली तेव्हा बरी होती,"
सर म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.

दुसरी बर्फाच्या डब्यात घालून मी निघाले.

टेम्पोवाल्या मुबारकने वही उघडून दाखवली:
सोमवारी रे रोडच्या पुलाखाली तीन तास.
पुढे ट्रेलर आडवा, वर निळी ताडपत्री,
आत हात घालवेना, म्हणाला.
आणि पुजारींकडे क्रेट फुटपाथवर,
तंदूरच्या भिंतीला पाठ लावून, चार दिवस उन्हात.
"फ्रिजमध्ये सुरमई आहे मॅडम.
सुरमई एका दिवसात वास मारते.
बियर थोडीच मरते?"

मी वाद घातला नाही.
टेबल पुसून घेतलं, तीन ग्लास मागवले.
वेटर ऐतप्पाला पाठ फिरवायला सांगून
दोनांत डब्यातली ओतली, एकात फुटपाथवरची.
एकोणीस वर्षं ओततोय, चाखली कधीच नाही, तो म्हणाला.
चाखू नकोस, म्हटलं. नुसता वास घे.

त्याने एकेका ग्लासावर नाक आणलं,
सासूच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसावं तसं, जपून.
मग मधला ग्लास बोटाने बाजूला सारला.
"ही खूप वेळ थांबलीय," म्हणाला.

आमच्या तक्त्यात बावीस दोषांची नावं आहेत.
हे नव्हतं.

पुजारींनी स्वतः दोन क्रेट उचलून आत नेले,
गल्ल्यामागे, देवाच्या फोटोखाली.
सुरमईबद्दल कोणी काही बोललं नाही.

अहवालात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ऊन.
जबाबदारीच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि उचललं.
पूल, ट्रेलर, ताडपत्री, तंदूर,
यांतल्या कोणालाच कर्मचारी क्रमांक नाही.

फळीवर ४४१६ आणि ४४१८च्या मध्ये
दोन गोल उरलेत, धूळ न बसलेले.
मी तिथे उभी होते, तेव्हा सर दारात आले,
आत न येता थांबले, हवा हुंगली.
येताना भायखळ्याला गजरा घेतला होता,
पिशवीत, ओल्या फडक्यात, पाच वाजायची वाट बघत.

"मोगरा," सर म्हणाले.
"आजचाच. पण थोडा तापलाय."